वाऱ्याचं दार

डब्याच्या पत्र्याची शेगडी करताना अण्णांचा जीव असायचा खालच्या दारात. जाळी, पाय, कडी हे सगळं ते माझ्यावर सोडत. दार मात्र स्वतः कापत आणि खाचेत पुन्हा पुन्हा सरकवून बघत. दार सैल बसलं तर कोळसा भराभर संपतो आणि गिऱ्हाईक भांडायला येतं.

आता मी सोलापुरात झाकणाच्या ग्रिल बनवतो. शेतावर हुरडा पार्ट्या भरवणारे मोबाइलवर गोल किटलीसारख्या ग्रिलचा फोटो दाखवतात आणि किंमत विचारतात. मी विचारतो, वारा कुठून घेणार?

ही किटली अमेरिकेची. वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा पत्र्याचा गोळा कापून ती केली. पहिल्या झाकणाखाली विस्तव गुदमरला, मग झाकणाला भोकं पाडली, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, माझी पहिली ग्रिल तशीच गुदमरली होती. आच कमी करायची म्हणून मी वरची भोकं बंद केली. वांगी भाजली नाहीत, नुसती धुरकटली. भरीत कडू झालं.

चूक साधी होती. २७ अंशांच्या हवेपेक्षा २२७ अंशांची हवा सुमारे ४० टक्क्यांनी हलकी असते. ती वर निघून जाते, म्हणून खालून ताजी हवा आत ओढली जाते. गिरणीची उंच चिमणी याच ओढीवर चालायची. वरची वाट कोंडली की धूर पदार्थावरच बसतो. म्हणून वरची चकती बऱ्यापैकी उघडी ठेवावी आणि आच खालून सांभाळावी.

खालच्या झडपांचे मी दोन प्रकार करतो. पहिल्यात तीन भोकांना तीन वेगळी पाती. एकाच बाजूला निखारे असले तर त्याच बाजूचं भोक उघडता येतं, पण दर वेळी वाकून तीन ठिकाणी हात घालावा लागतो. दुसऱ्यात एका दांड्यावर तिन्ही पाती फिरतात आणि फिरता फिरता राखही खाली लोटतात. राखेनं भोकं बुजणं हेच विस्तव मंदावण्याचं नेहमीचं कारण, म्हणून गिऱ्हाइकाला मी हीच देतो. पाती झिजली की फट राहते, एवढाच तिचा दोष. झडप अर्धी लावून आच अर्धी होत नाही. खरा फरक शेवटच्या बोटभर फटीत पडतो.

अण्णांच्या शेगडीचं एकुलतं दार बाजूला असे. वारा सुटला की आई दाराला हात न लावता शेगडीच फिरवून ठेवायची. किटलीची भोकं बुडाशी असल्यानं ती सोय नाही, तशी वाऱ्याची एवढी धास्तीही नाही. मात्र शेगडी असो की ग्रिल, बंद खोलीत पेटवू नये. कोंडलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वास नसतो.

मागच्या थंडीत मंगळवेढ्याकडे एका शेतावर नवी ग्रिल पोचवायला गेलो. ग्रिल तापेपर्यंत मालकाच्या म्हाताऱ्या गड्यानं जमिनीतल्या आगटीत मालदांडीची कणसं खुपसली होती. धग वाढली तशी त्यानं काठीनं निखाऱ्यांवर राख ओढली. कमी झाली तशी बाजूला सारली. दांडा नाही, पातं नाही. मी माझी चकती फिरवत बसलो होतो, तोवर त्यानं गरम हुरडा माझ्या ओंजळीत ओतला.