अँजेलाचे चौदा दिवस

एक कबुली देऊनच टाकते. ऑफिसात मी डेडलाइन आणि एक्सेल शीटवाली बाई. पण रात्री साडेदहानंतर, घर झोपलं की, मी 'स्टार ट्रेक'च्या गोष्टी लिहिते. यान दुसऱ्याचं, कॅप्टन कर्क दुसऱ्याचा, गोष्ट तेवढी माझी. मानधन शून्य. वर टोपणनाव!

'मग स्वतःचं काही का लिहीत नाहीस?' हे मला मैत्रिणींनी विचारलंय, नवऱ्याने विचारलंय आणि एकदा चक्क सासूबाईंनीही. याचं उत्तर द्यायचं तर अँजेलाबद्दल सांगावं लागेल.

त्याआधी छोटासा फ्लॅशबॅक. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचं. मला इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही. बाबा शेजारी बसून कानात मराठी कॉमेंट्री करायचे. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे 'लाल शर्टवाला दिसला की तो मरणार' हा जगप्रसिद्ध फंडा मला थेट कॉलेजात गेल्यावर कळला!

मग एकदा बाबांनी फोर्टच्या फुटपाथवरून जेम्स ब्लिशचं जुनं पेपरबॅक आणलं. ब्लिशने 1967पासून मालिकेच्या एपिसोडच्या स्क्रिप्टवरून लघुकथा लिहिल्या. एकूण बारा पुस्तकं. 1975मध्ये तो गेला आणि बारावं पुस्तक त्याच्या बायकोने पूर्ण केलं. घरोघरी व्हीसीआर नसण्याचे ते दिवस. आवडलेला एपिसोड पुन्हा भेटायचा तो असा, कागदावर. शूटिंगपर्यंत स्क्रिप्ट बदलायची, त्यामुळे पुस्तकात काही गोष्टी वेगळ्याच असायच्या. मी वैतागायचे, 'बाबा, खरं कुठलं?' ते म्हणायचे, 'दोन्ही. महाभारत कसं, कीर्तनकार बदलला की कथा थोडी बदलतेच.'

त्याच 1967 साली अमेरिकेत 'स्पॉकनेलिया' निघालं. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचं हे पहिलं मासिक, घरगुती छपाईचं. पुढे अशी कितीतरी निघाली, पोस्टाने फिरली. त्यांत लिहिणाऱ्यांमध्ये बायका भरपूर. त्यांनी स्वतःची टरही उडवली. 1973मध्ये पॉला स्मिथने एक छोटीशी विडंबनकथा लिहिली. तिची नायिका साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी स्यू, सगळ्यांत हुशार, सगळ्यांची लाडकी. लेखिका स्वतःलाच गोष्टीत घुसवते तेव्हा आजही तिला 'मेरी स्यू' म्हणतात. 1976मध्ये चाहत्यांच्या कथांचं पुस्तक बाजारात आलं. 1998पासून तर नवख्या लेखकांसाठी स्पर्धा घेऊन दरवर्षी एक संग्रह निघू लागला, सलग दहा वर्षं.

आणि आपण मराठी माणसांनी याला नाक मुरडावं? 'मृत्युंजय'ही 1967चंच. व्यासांच्या जगातला कर्ण उचलून शिवाजी सावंतांनी त्याला बोलतं केलं, तेव्हा त्यांना कुणी 'स्वतःचं लिहा' म्हणालं नाही!

तर अँजेला. 15 डिसेंबर 1966ला अमेरिकेत 'बॅलन्स ऑफ टेरर' हा एपिसोड दाखवला गेला. सुरुवातीलाच यानावर लग्न. अँजेला मार्टिन आणि रॉबर्ट टॉमलिन्सन. कर्क लग्न लावणार इतक्यात धोक्याचा इशारा वाजतो आणि सगळे आपापल्या जागी धावतात. युद्ध संपतं तेव्हा यानावरचा एकच माणूस गेलेला असतो, टॉमलिन्सन. कर्क अँजेलाचं सांत्वन करतो. एपिसोड खलास.

आता गंमत पाहा. 29 डिसेंबरला 'शोअर लीव्ह' आला. त्यात अँजेला पुन्हा दिसते. अनोळखी ग्रहावर, सुट्टीच्या मूडमध्ये, दुसऱ्याच तरुणाबरोबर! टॉमलिन्सनचं नावही कुणी काढत नाही. मध्ये दिवस किती? चौदा.

2004मध्ये बाबा गेले, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. एका शुक्रवारी बोलताबोलता गेले. तेराव्यानंतर, चौदाव्या दिवशी मी कामावर हजर. बॉस म्हणाला, 'यू लुक फाइन.' मी 'थँक्स' म्हटलं आणि लॉग-इन केलं.

त्या तेरा दिवसांत मी रडले नव्हते. वेळच नव्हता. डेथ सर्टिफिकेट, बँक, पाहुण्यांचे चहा. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात इस्त्रीवाला. 'साहेबांचे चार शर्ट.' त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आठ रुपये दिले, गरम शर्ट हातात घेतले आणि कपाटात नेऊन ठेवले. पुढे आवराआवरीत कुणीतरी सगळेच कपडे देऊन टाकले, त्यात ते चारही गेले.

यावर काही लिहावं म्हणून महिनाभर कोरी वही घेऊन बसले. 'माझे बाबा' असा मथळा लिहिला की शाळेतला निबंध वाटायचा. एक ओळ पुढे सरकेना. मग एका रात्री सहज लिहिलं : अँजेला टॉमलिन्सनच्या केबिनचं दार उघडते. आणि सकाळ झाली तेव्हा बारा पानं झाली होती.

पडद्यावर कुणी दाखवत नाही, पण माणूस गेल्यावर त्याची केबिन कुणीतरी आवरतंच ना! माझ्या गोष्टीत अँजेला ती आवरते. तिथे दारावर टकटक होते, धुलाई विभागातून टॉमलिन्सनचे चार युनिफॉर्म आलेले असतात. तिथे पोचल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा रडले.

स्वतःच्या नावाने मला हे जमलं नसतं. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मुलीच्या आडून जमलं. आणि लघुकथाच हवी होती. मालिकेला ग्रह वाचवायचे असतात, तिला चार शर्टांसाठी थांबायला सवड नसते.

गोष्ट आईला वाचून दाखवली. यान, ग्रह, स्पॉक, तिला कशाशी देणंघेणं नव्हतं. ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'एखादा तरी ठेवायला हवा होता गं आपण.'

त्या रात्री मी शेवट बदलला. अँजेला तीन युनिफॉर्म परत करते. चौथा घडी घालून आपल्या बॅगेत तळाशी ठेवते, आणि मग सुट्टीवर जाते.