मकर, मोरी आणि मियरु

आमच्या घरात शार्क प्रथम आला तो ताटातून, आणि तेव्हा त्याचे नाव मोरी असे होते. सिंधुदुर्गातल्या मासे खाणाऱ्या घरांत मोरी गरम पाण्यात बुडवून तिची कानशीसारखी खरखरीत साल खरवडतात, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात ती मटणासारखी शिजवतात आणि बाळंतिणीला दूध यावे म्हणून आग्रहाने वाढतात. 'शार्क' हा शब्द पुष्कळ नंतर, 'जॉज' या 1975 च्या चित्रपटाबरोबर आला. त्याचा आणि ताटातल्या मोरीचा काही नातेसंबंध असेल हे कित्येक वर्षे माझ्या ध्यानातही आले नव्हते. एक आपण खाण्याचा जीव आणि दुसरा आपल्याला खाणारा. या दोन शब्दांच्या मध्ये तिसरे काही असू शकते का, हा प्रश्न मला पडला तो मालदीवच्या समुद्रात, पन्नाशी ओलांडल्यावर, आणि एका अपराधानंतर.

मालदीव म्हणजे सुमारे बाराशे लहान बेटांची कंकणे. इंग्रजीतला 'अॅटॉल' हा शब्दही मुळात तिथल्या धिवेही भाषेतला. या कंकणांच्या कडेला जागोजागी खिंडी आहेत. बाहेरचा महासागर आणि आतले उथळ पाणी यांची देवघेव या खिंडींतूनच होते. धिवेहीत त्यांना 'कंडू' म्हणतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, साधारणतः डिसेंबर ते एप्रिल, प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. पूर्वेकडच्या खिंडींतून महासागराचे स्वच्छ पाणी जोराने आत घुसते आणि त्या पाण्याच्या तोंडाशी शार्क जमतात. वावू अॅटॉलच्या पूर्व कडेला अशीच एक खिंड आहे. तिचे नाव मियरु कंडू. मियरु म्हणजे शार्क.

खरे सांगायचे तर मला तिथे नेले ते या नावाने. धिवेही ही आपल्याच इंडो-आर्यन कुळातली, सिंहलीच्या जवळची भाषा. 'मियरु'चा माग काढत गेले की आपण संस्कृत 'मकर'पाशी पोचतो. त्याच मकराची आपल्याकडे मगर झाली, म्हणजे तो समुद्र सोडून नदीत आला. गीतेच्या दहाव्या अध्यायात मत्स्यांमधला मकर ही भगवंताची विभूती सांगितली आहे. तिथे मकर म्हणजे नेमके काय, यावर भाषांतरकारांचे एकमत नाही. वर्गात हा अध्याय शिकवताना मी तो शब्द नेहमीच घाईने ओलांडत असे. दर्यावर राहणाऱ्या एका समाजाने मात्र त्याला एक निश्चित शरीर देऊन ठेवले होते. ते शरीर पाहावे, एवढाच माझा हेतू होता.

प्रवाहातल्या खिंडीत उतरण्याची रीत वेगळी असते. एरवी पाणबुडे पृष्ठभागावर थोडे थांबतात, एकमेकांकडे पाहतात, मग सावकाश खाली जातात. इथे तेवढ्या वेळात पाणी माणसाला खिंडीच्या पार आत नेऊन टाकते. म्हणून हवेचे जॅकेट रिकामे करूनच उडी मारायची आणि थेट खाली जायचे. मालदीवमध्ये हौशी पाणबुड्यांना तीस मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. आम्हाला अठ्ठावीस मीटरवरच्या काठाशी पोचायचे होते. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ चौपट होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही जवळजवळ चौपट खर्च होते. घाबरलेल्या माणसाचा हिशेब तर त्याहूनही वाईट.

पहिल्या दिवशी मी घाबरलो. शार्क अजून दिसलेही नव्हते. भीती होती ती पाण्याची. कड्याशी पोचताच प्रवाहाने मला आडवे फिरवले, मान वळवली तसा मुखवटा चेहऱ्यावरून सरकू लागला, आणि हाताला जे आले ते मी गच्च धरले. ती प्रवाळाची फांदी होती. क्षणभर तिने मला तोलले आणि मग ती माझ्या मुठीत तुटून आली. पाण्याने मला ओढून खिंडीत आत नेले. शार्क पाहिल्याविनाच मी वर आलो तेव्हा तो तुकडा माझ्या हातात तसाच होता.

बोटीवर आमचा मार्गदर्शक रागावला नाही. त्याने तो तुकडा माझ्या हातातून घेतला, एकदा पाहिला आणि पुन्हा समुद्रात सोडला. 1998 आणि 2016 मध्ये तापलेल्या पाण्याने तिथले प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले होते. त्यातून जे वाचले किंवा नव्याने उगवले, त्यातलेच एक मी मोडले होते. त्या खिंडीत त्या दिवशी इजा करणारा एकच प्राणी होता आणि तो शार्क नव्हता. संध्याकाळी मार्गदर्शक मोडक्या हिंदीत एवढेच म्हणाला, "कल हाथ से कुछ नहीं पकड़ना, सर."

दुसऱ्या दिवशी त्याने मला एक गळ दिला. दीड-दोन मीटर दोरी, तिच्या एका टोकाला बोथट पोलादी आकडा आणि दुसऱ्या टोकाला जॅकेटला अडकवायची कडी. मेलेल्या, उघड्या खडकाच्या कपारीत आकडा रुतवायचा, जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची आणि हात सोडून द्यायचे. मग पाणी तुम्हाला पतंगासारखे ताणून धरते. मी ते केले. श्वास हळूहळू संथ झाला. गळाच्या टोकाला मी होतो, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. आणि मग समोर पाहिले तर ते आलेले होते.

ते करड्या रीफ शार्कांचे टोळके होते, बारा-पंधरा असतील. लांबी दीड-पावणेदोन मीटर, शेपटीची मागची कड शाईत बुडवल्यासारखी काळी. ज्या पाण्याने मला दोरीच्या टोकाला फडफडत ठेवले होते, त्याच पाण्यात ते जवळजवळ न हलता उभे होते. याचे कारण मला पुढे वाचायला मिळाले. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावा येथील दक्षिण खिंडीत याच जातीवर झालेले संशोधन 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रवाह समुद्रतळाच्या चढावर आदळून वर वळतो आणि त्या वर चढणाऱ्या पाण्यावर हे शार्क घारीसारखे तरंगतात. त्यात त्यांची किमान 10 ते 15 टक्के ऊर्जा वाचते. वाहत मागे गेलेला शार्क वळसा घालून पुन्हा चढाच्या आरंभाशी येतो. मी जे संकट समजत होतो, ती त्यांची विश्रांती होती.

एक मादी माझ्यापासून चार-पाच मीटरवरून गेली. हा शार्क चिडला तर पाठ कमानीसारखी करतो, छातीचे पर खाली पाडतो, हे मला शिकवले होते. तसे काही झाले नाही. तिच्या डोळ्यात माझ्याविषयी काहीही नव्हते. हे लिहिताना मला 'तटस्थ', 'साक्षी' असे आपले ठेवणीतले शब्द सुचतात, पण ते माझे आहेत, तिचे नाहीत. ती केवळ तिच्या कामात होती. बारा मिनिटांनी मार्गदर्शकाने खूण केली. मी आकडा सोडवला आणि पाण्याने मला नेले.

ताट आणि भय यांच्या मधले तिसरे नाते सापडले, असे मला बोटीवर वाटले. पण ते तितके निर्मळ नव्हते. चार्ल्स अँडरसन आणि हुदा अहमद यांनी 1993 मध्ये मालदीवच्या शार्कांचा हिशेब मांडला होता. एका मेलेल्या करड्या शार्कचे मच्छीमाराला एकदाच 32 डॉलर मिळतात; पाणबुड्यांच्या ठिकाणी तोच जिवंत शार्क वर्षाला सरासरी 3,300 डॉलर मिळवून देतो. 2010 मध्ये त्या देशाने शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. या हिशेबाने शार्क वाचत असतील तर मी त्याच्याशी भांडणार नाही; ही जात 2020 पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे, मादीला एका खेपेला एक ते सहाच पिल्ले होतात आणि गर्भ सुमारे वर्षभर वाढतो. तरीही, ज्याला मी दर्शन समजत होतो तेही एक प्रकारचे गिऱ्हाईकपणच होते. मियरुला माझ्यासाठी दुसरी किंमत लागली होती, एवढेच. त्या बारा मिनिटांत मात्र, दोन्ही हात रिकामे असताना, मला तिच्याकडून काही नको होते. तेवढ्यापुरते ते नाते होते.

परतल्यावर काही महिन्यांनी गावच्या बाजारात मोरी दिसली. जात वेगळी, समुद्र वेगळा; हातभर लांबीची, पिल्लूच असावे. मी तिच्या शेपटीची कड पाहत उभा राहिलो. मासळीवाली थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग तिने भाव सांगितला. मी तो विचारला नव्हता.