भलतीच भीती

अंगावरच्या डागांना आपण फार भितो, पण बहुधा भलत्याच डागाला. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या ओठांवर कोड उठले. कोड म्हणजे नुसता रंग गेलेला; दुधासारखे शुभ्र, स्पर्श शाबूत, आणि ते कुणाला लागत नाही. तरी तिच्या बाकावर कुणी बसेना. अखेर एक धीट पोर बसली. हिच्या दंडावर रुपयाएवढा फिकट डाग होता. आई म्हणे, शिबे असेल. पण शिब्यावर बारीक कोंडा असतो. हा नुसताच कोरडा. तिथे काटा रुतला तरी पोरीला पत्ता नाही, तेव्हा मीच दवाखान्याचा हट्ट धरला.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून कापसाची वात फिरवली. "लागेल तिथे बोट ठेव." डागाबाहेर बोट नेमके पडे, डागावर हात हलेचना. कुष्ठ! जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवलेल्या औषधांच्या मेळाने हा रोग पुरता बरा होतो. हिला सहा महिने गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यात फुकट. आईने हात जोडले, "गुरुजी, कुणाला सांगू नका."

वर्षभर दोघी एकाच बाकावर बसल्या. येणारेजाणारे बोट दाखवीत ते कोड असलेलीकडे.