संथ सूर आणि कवायतीचा ताल

पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की याची तिसरी सिंफनी एकदा मनात रुजली की सहसा निघत नाही. पण तिच्या चाहत्याने प्रीमो लेवीचं ऑशविट्झच्या आठवणींचं पुस्तक ‘इफ धिस इज अ मॅन’ वाचलं, तर तो या आवडत्या सिंफनीकडे पूर्वीसारखा परतू शकत नाही.

१९७६ मध्ये लिहिलेली ही सिंफनी पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये पहिल्यांदा सादर झाली, तेव्हा नवसंगीताच्या कैवाऱ्यांनी नाकं मुरडली. १९९२ मध्ये नॉनसच कंपनीने डॉन अपशॉचा आवाज आणि डेव्हिड झिनमनच्या हाताखालची लंडन सिंफोनिएटा यांचं ध्वनिमुद्रण काढलं आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिन्ही भाग संथ. सुरुवातीला डबल बेस अगदी खालच्या पट्टीत एक धून धरतात. तीच धून बाकीची तंतुवाद्यं एकामागून एक उचलतात आणि सुरांचा थर चढत जातो. विलंबित ख्यालाला सरावलेल्या कानाला हा धीमेपणा परका वाटत नाही.

तिन्ही भागांत एकेक गीत आहे आणि प्रत्येकात आई आणि मूल आहे. पहिलं म्हणजे पंधराव्या शतकातला मेरीचा विलाप. तिसरं लोकगीत, सायलेशियातल्या उठावात मारल्या गेलेल्या मुलाला शोधणाऱ्या आईचं. मधल्या गीताचे शब्द झाकोपाने गावातल्या गेस्टापोच्या कोठडीच्या भिंतीवरून आले. १९४४ मध्ये तिथे डांबलेल्या अठरा वर्षांच्या हेलेनाने ते कोरले होते. इतर कैद्यांनी भिंतीवर संताप ओतला होता. ही मुलगी आईची समजूत घालत होती. गुरेत्स्कीला नेमकं तेच भिडलं.

गुरेत्स्की राहत होता त्या काटोवित्सेपासून ऑशविट्झची नाझी छावणी जेमतेम तीसेक किलोमीटरवर. इटलीचा तरुण रसायनशास्त्रज्ञ लेवी १९४४ च्या फेब्रुवारीत तिथे पोचला. त्याच्या आठवणींत संगीत आहे, पण ते माणसं हाकण्यासाठी. कैद्यांच्या टोळ्या कामावरून परततात तेव्हा बँड वाजवतो ‘रोझामुंडे’, युरोपभर नाचली गेलेली आनंदी पोल्का. पुढे पाय जखमी होऊन लेवी छावणीच्या दवाखान्यात पडतो आणि बाहेरचा ढोल तिथे ऐकू येतो. एरवी त्याच तालावर पावलं टाकणारा तो आता तो ताल ऐकतो आणि त्याला उमगतं, की या सुरांनी विचार बंद पाडला जातो, दमलेलं शरीर इच्छेविना चालवलं जातं.

हे वाचल्यावर गुरेत्स्कीचा दुसरा भाग स्वयंपाक करता करता मागे लावून ठेवणं चाहत्याला जमेनासं होतं. हेलेनाचं गाणं सुंदर आहे म्हणूनच ते सहज अंगवळणी पडेल, ही भीती खरी असते. त्यापेक्षा पहिल्या भागातली पंचवीसेक मिनिटं हातातलं काम बाजूला ठेवून बसावं, थर कसा चढतो आणि कसा उतरतो ते ऐकावं. हे संगीत तेवढं मागतं आणि तेवढं दिलं की खूप देतं.

लेवीच्या पुस्तकातही आया आहेत. इटलीतल्या फोस्सोलीच्या छावणीतून ऑशविट्झची गाडी सुटणार त्याच्या आदल्या रात्री त्या मुलांना न्हाऊ घालतात, प्रवासाचं खाणं करतात आणि पहाटे काटेरी तारांवर मुलांचे कपडे वाळत असतात. गाडीत तीन वर्षांच्या एमिलियाचे आईवडील इंजिनचं कोमट पाणी मिळवून तिला आंघोळ घालतात. ऑशविट्झला उतरताच तिला मारलं गेलं.

गुरेत्स्कीच्या आयांना शोक करायला वेळ मिळतो. त्यांची हाक सोप्रानोच्या आवाजात अख्ख्या वाद्यवृंदावर तरंगते. फोस्सोलीत मुलांना न्हाऊ घालणाऱ्या आयांच्या तोंडी लेवीने विलाप घातला नाही. त्यांच्याबद्दल त्याने धुतलेले कपडे आणि कोमट पाणी लिहिलं. १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशनाने या पुस्तकाच्या अवघ्या अडीच हजार प्रती काढल्या होत्या. सिंफनीच्या लाखो श्रोत्यांपैकी ज्यांनी ते अजून हातात घेतलेलं नाही, त्यांनी तिसरं गीत संपल्यावर पहिलं प्रकरण उघडावं.