किती अंशांवर?

प्रयोगशाळेत आम्ही रिअ‍ॅक्शन ‘लावतो’, घरी कुकर लावावा तशी. मी पीएच.डी. करत होते तेव्हा सकाळी तेलाचा बाथ तापत ठेवायचा, त्यात गोल बुडाचा फ्लास्क उतरवायचा, वर कंडेन्सर बसवून नळाचं पाणी सोडायचं आणि रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते दर तासाला टीएलसीच्या पट्टीवर बघत संध्याकाळ करायची. रिअ‍ॅक्शन रात्रभराची असली की खरा घोर पाण्याचा. पहाटे पाणी गेलं तर कंडेन्सर कोरडा पडे आणि सकाळी फ्लास्कच्या तळाशी काळं डांबर सापडे. प्रयोगशाळेचे शिपाई, आमचे मामा, घरी जाण्याआधी रबराची एकेक नळी हाताने चाचपून बघत.

अशा दिवसांत सरांनी एक घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हन आणून टेबलावर ठेवला. माझ्या त्या वेळच्या वहीत नोंद आहे: ‘६०० वॅट, ४ मिनिटं, पूर्ण.’ आदल्याच आठवड्यात ती रिअ‍ॅक्शन मी सात तास उकळली होती. पट्टीवर सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका दिसेना, तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी दुसरी पट्टी चढवली, मग तिसरी.

वाट आधीच पडलेली होती. १९८६ साली कॅनडातल्या लॉरेन्शियन विद्यापीठातल्या एका गटाने आणि अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, घरगुती ओव्हनमध्ये बंद भांड्यांत सेंद्रिय रिअ‍ॅक्शन करून दाखवल्या होत्या. दाब वाढून भांडी फुटण्याची भीती मात्र होतीच. पुढे न्यू जर्सीतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये अजय बोस यांनी बंद भांडंच बाजूला ठेवलं. साधा उघडा कोनिकल फ्लास्क, तोंडावर फनेल, आत डीएमएफसारखं उशिरा उकळणारं द्रावक, आणि शेजारी पाण्याचा एक बीकर. जास्तीची ऊर्जा तो बीकर पिऊन टाकी. मला त्यांच्या कामातलं हे पाण्याचं भांडंच सगळ्यात आवडतं. रिअ‍ॅक्शनला आवर घालण्याचा विचार त्यात पहिल्यापासून आहे.

ओव्हन कसा तापवतो हे मी विद्यार्थ्यांना उडदाच्या पापडावर दाखवते. फिरती तबकडी काढून ठेवायची आणि पापड आत सरकवायचा. थोड्याच वेळात काही ठिकाणी तो फुलून पांढरा होतो, आणि शेजारची जागा कच्चीच राहते. ओव्हनमधल्या लहरींची लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, आणि साधारण सहा सहा सेंटिमीटरवर तापट जागा तयार होतात. आता पापडाच्या जागी फ्लास्क ठेवा. तो दोन बोटं सरकला तरी वेगळ्या आचेवर बसला.

तेलाच्या बाथमध्ये उष्णता काचेतून आत झिरपते. मायक्रोवेव्हमध्ये काच जवळजवळ तशीच राहते आणि द्रावक स्वतः तापतं. विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा मागेपुढे होतं, ध्रुवीय रेणू त्याच्यामागे वळू पाहतात, मागे पडतात, आणि त्या ओढाताणीची उष्णता होते. म्हणून इथेनॉल झपाट्याने तापतं आणि हेक्झेन जवळपास थंडच राहतं. द्रावक निवडताना आम्ही पूर्वी फक्त विद्राव्यता आणि उत्कलनबिंदू बघायचो. आता ते ही ऊर्जा किती पितं हेही बघावं लागतं.

वेग कुठून येतो, यावर बरीच वर्षं वाद झाला. मायक्रोवेव्ह रेणूंवर उष्णतेपलीकडचं काहीतरी करतात, असं अनेकांना वाटे. काही काळ मलाही वाटलं. पण या लहरींची ऊर्जा एका मोलमागे जेमतेम एक ज्यूल भरते, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला लागतात सुमारे साडेतीन लाख ज्यूल. पुढे ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने सिलिकॉन कार्बाइडच्या कुप्या वापरल्या. हा पदार्थ लहरी स्वतःच शोषतो, आतल्या मिश्रणापर्यंत त्या जवळजवळ पोचतच नाहीत. तरी तेवढ्याच तापमानाला निकाल तेच आले. माझ्यासाठी वाद तिथे मिटला. रिअ‍ॅक्शनचा वेग दर दहा अंशांना ढोबळपणे दुप्पट होतो. ८० अंशांवर आठ तास लागत असतील, तर १६० अंशांवर दोन मिनिटं पुरतात. काम उष्णतेचंच आहे, फक्त ती इतक्या लवकर आत नेणं आणि तितक्याच लवकर थांबवणं आधी जमत नव्हतं.

आज आमच्याकडे खास प्रयोगशाळेसाठी बनवलेलं यंत्र आहे. बिगिनेली रिअ‍ॅक्शन मी नव्या मुलांना यावरच शिकवते: अ‍ॅल्डिहाइड, युरिया, एथिल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, थोडं आम्ल, द्रावक इथेनॉल. उघड्यावर इथेनॉल ७८ अंशांना उकळतं; जाड काचेच्या बंद कुपीत ते १२० अंशांपर्यंत निमूट जातं, दाब चार बारच्या थोडा वर. दहा मिनिटांनी दाबलेली हवा सोडून कुपी थंड करायची. बऱ्याचदा पदार्थ आतच पांढरा होऊन खाली बसतो आणि शुद्ध करायला कॉलम करावा लागत नाही. त्या वेळी मुलांचे चेहरे बघावेत.

पण यंत्र आलं म्हणजे काळजी संपली असं नाही. एकदा सुझुकी कपलिंग चालू असताना कुपी आतच तडकली. पडद्यावर शांतपणे १५० अंश दिसत होते. उघडून पाहिलं तर तळाशी घट्ट बसलेल्या बेसमध्ये ढवळणी अडकली होती, आणि उत्प्रेरक म्हणून घातलेलं पॅलेडियम काचेवर काळं चिकटलं होतं. धातूने लहरी ओढून घेतल्या आणि तेवढाच ठिपका भलताच तापला. इन्फ्रारेड सेन्सर कुपीची बाहेरची भिंत बघतो. त्या ठिपक्याची त्याला खबर नव्हती. झाकण मजबूत होतं म्हणून इजा झाली नाही. तेव्हापासून आमच्याकडे कुपी दोनतृतीयांशाच्या वर भरत नाहीत, आणि ढवळणी डोळ्यांनी फिरताना दिसल्याशिवाय कोणी बटण दाबत नाही.

म्हणूनच शोधनिबंधात ‘६०० वॅट, ४ मिनिटं’ एवढंच वाचलं की मी ती पद्धत बाजूला ठेवते. ओव्हनने किती वॅट सोडले यावरून मिश्रण किती अंशांवर गेलं ते कळत नाही. संशोधन करणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: तापमान लिहा, ते काचेबाहेर मोजलं की आत बुडवलेल्या फायबर ऑप्टिक सेन्सरने ते लिहा, किती मिलिलिटर होतं आणि ढवळत होतं की नाही तेही लिहा. माझी ती पहिली वही अजून कपाटात आहे. फ्लास्क तबकडीवर कुठे ठेवला होता, मिश्रण किती तापलं होतं, यातलं काहीच मी टिपलं नव्हतं. ती चार मिनिटांची रिअ‍ॅक्शन मला पुन्हा तशी कधी करता आली नाही.