चोडणचा काळा चिखल

गोव्याचे समुद्रकिनारे पाहायला निघालेली मंडळी रायबंदरच्या धक्क्याकडे सहसा फिरकत नाहीत. सवड असेल तर तिथून फेरीबोटीने मांडवी ओलांडावी आणि समोरच्या चोडण बेटावर उतरावे. बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ साली राखून ठेवलेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. विस्तार अवघा पावणेदोन चौरस किलोमीटर, पण खारफुटीचे रान कसे गर्द!

ओहोटीच्या वेळी आलेला पाहुणा पक्षी पाहण्याआधी नाकाला रुमाल लावतो. चिखलातून सडक्या अंड्यांसारखा दर्प येत असतो. पण वाचकहो, हा वास आहे कामाचा! चिखलाच्या वरच्या पापुद्र्याखाली प्राणवायू जवळजवळ पोचतच नाही. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. त्याची लोहाशी गाठ पडली की चिखल काजळासारखा काळा होतो. असा जिवाणू हॉलंडमधील बायेरिंक या शास्त्रज्ञाने १८९५ साली प्रथम वेगळा करून दाखवला. तिवराची मुळे पेन्सिलींसारखी वर डोकावतात, तीही अशा चिखलात हवा मिळावी म्हणूनच.

पाण्यातली वस्तीही काही विरळ नाही. खाडीच्या चमचाभर पाण्यात लक्षावधी जिवाणू नांदतात. पावसाळ्यात घाटातले पाणी उतरले की मांडवीचा खारटपणा जवळजवळ नाहीसा होतो, उन्हाळ्यात समुद्र पुन्हा आत शिरतो. त्याबरोबर या वस्तीतले बिऱ्हाडकरूही बदलतात.

त्यांचा उद्योग काय? गळालेले खारफुटीचे पान तुरट आणि निकस. जिवाणू आणि बुरशी त्यावर बसून ते मऊ करतात, त्यात नत्राची भर घालतात. मग ते कुर्ल्यांना आणि कोळंबीच्या पिल्लांना गोड लागते. आपल्या ताटातल्या कालवणाची पहिली फोडणी अशी चिखलात पडते!

मात्र या स्वयंपाकघराला मर्यादा आहे. शहरांचे सांडपाणी खाडीत लोटले, की ते कुजवता कुजवता जिवाणू पाण्यातला सारा प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. भराव टाकला, तर चूलच विझते. म्हणून खारफुटी पाहायला जाल तेव्हा मुलांना बगळ्यांबरोबर चिखलही दाखवा, आणि तो काळा का, हेही सांगा.