जाड पत्र्याची फियाट

जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता, म्हणून त्या सुरक्षित होत्या, असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक दावतीत भेटतो. आमच्या घरात तो माणूस म्हणजे अब्बा.

त्यांची प्रीमियर पद्मिनी अजून अंगणात उभी आहे. तिला घरात पद्मिनी कुणी म्हणत नाही. इटलीच्या फियाट 1100 वरून ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, त्यामुळे आमच्यासाठी ती फियाटच. मुंबईतली या जातीची शेवटची टॅक्सी 20 वर्षांचं वय भरल्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, तेव्हा अब्बांनी मय्यतीची खबर यावी तसा पेपर घडी करून ठेवला होता.

आता लेक अठराची झाली आणि प्रश्न आला, शिकायचं कशावर? अब्बा म्हणाले, “फियाटवर शिकव. ती जमली की जगातली कुठलीही गाडी जमते.” यात तथ्य आहे. चोक ओढा, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर शोधा, पॉवर स्टिअरिंग नाही म्हणून खांद्यांनी वळवा.

आमची दुसरी गाडी 2018 ची डिझायर. चार मीटरच्या आत लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी लागतो, म्हणून तिची लांबी 3995 मिलिमीटर. गंमत म्हणजे फियाट 3930 मिलिमीटर आणि 1089 सीसी, म्हणजे तीही याच मापात बसते! रुंदीला डिझायर चांगली 27 सेंटिमीटर जास्त, तरी माणसं पाचच. फियाटला पुढे सलग सीट. गिअर वर असल्यामुळे खाली पाय मोकळे, म्हणून अब्बा, चाचा आणि मधे मी. मागे अम्मी, चाची आणि मांडीवर मांडी चार पोरं. ईदला असे नऊ जण आम्ही कशेडी घाट चढायचो. गरमीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. अब्बा उतरून पेट्रोलपंपावर ओलं फडकं ठेवत, तोवर अम्मी डबा उघडी. डिझायर घाटात थांबत नाही, आणि थांबलीच तर बॉनेट उघडून मला काही कळत नाही. वर्कशॉपमधला मुलगा कॉम्प्युटर जोडतो तेव्हा कळतं.

एवढं सगळं मान्य करूनही पत्र्याच्या मुद्द्यावर मी अब्बांचं ऐकलं नाही. धडकेत गाडीचं नाक चेपलं जाणं हा दोष नसतो, ते चेपावं अशीच रचना असते. धक्का तिथे खर्च होतो, उरलेला पट्टा आणि एअरबॅग सांभाळतात. आमच्या फियाटला यातलं काहीच नाही. वर्गात मी स्टीलच्या डब्यात अंडं ठेवून डबा आपटून दाखवतो. डबा शाबूत राहतो. तोच प्रयोग अब्बांसमोर केला. “अंडं वाया घालवलंस,” एवढंच म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

रस्त्यावर लेक डिझायरच चालवते. बॅटरी जोडणं, चोक ओढणं, कार्ब्युरेटर साफ करणं मात्र रविवारी दादांकडून शिकते, अंगणातल्या अंगणात. फियाटची नोंदणी पुढच्या वर्षी संपते. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात द्या. अब्बांनी टायरचे भाव विचारून ठेवलेत.